प्रोस्टेटचा शेक: कोणता त्रास कधी येतो आणि घरच्यांनी काय करायचं

अण्णांना प्रोस्टेटचा कर्करोग. त्यांचा तेरावा शेक, म्हणजे रेडिएशन, ठरल्या दिवशी झालाच नाही. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पहाटेची एसटी धरून आम्ही संभाजीनगरला पोचलो, नंबर लागला, अण्णा आत गेले आणि दहा मिनिटांत परत बाहेर आले. मशीनवरच्या ताईंनी मला बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. "बाबांची लघवीची पिशवी रिकामी आहे. अशी असली तर शेक देता येत नाही."

अण्णा आधी बोलेचनात. बाहेरच्या बाकावर बऱ्याच वेळानं म्हणाले, "लई जळजळ व्हती रे. घडीघडी जावं लागतं. एसटी कुठं थांबती? म्हणून पाणीच पेत नव्हतो." पाच दिवस हे चाललं होतं. सुनेसमोर, पोरासमोर लघवीचं काय सांगायचं, एवढ्या एका संकोचापायी. पाणी तोडल्यामुळं लघवी घट्ट झाली, तिनं जळजळ वाढली, आणि पिशवी भरेना म्हणून शेक पुढं ढकलला गेला. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर एका गोळीनं बरंच निभावलं असतं.

तुमच्या घरात कुणाचा शेक सुरू होणार असेल, तर हे सगळं क्रमानं वाचा. मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. औषधाचं नाव इथं आलं तरी मात्रा आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलीच घ्यायची.

शेक म्हणजे नेमकं काय

आपल्याकडं कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट, कुणी करंट. तिन्ही शब्द फसवे आहेत. आत चटका बसत नाही, झटका बसत नाही, काही दुखतही नाही. माणूस टेबलावर स्थिर पडून राहतो, मशीन त्याच्याभोवती फिरतं आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. हे बाहेरून दिलेले क्ष-किरण असतात, ते अंगात उरत नाहीत. नातवंडांना मांडीवर घेतलं तर त्यांना काहीही होत नाही. अण्णांनी पहिले तीन दिवस नातीला जवळ येऊ दिलं नव्हतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

प्रोस्टेट ही पुरुषांतली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या वर लघवीची पिशवी, मागं गुदाशय, आणि लघवीची नळी तर तिच्या मधूनच जाते. शेकाचा बहुतेक त्रास या शेजाऱ्यांचा असतो. वाऱ्यात कपाशीवर फवारणी केली, तर बांधापलीकडच्या वावरातही थोडं औषध जातंच, तसं. त्यात भर म्हणजे प्रोस्टेट एका जागी ठरत नाही. पिशवी किती भरली, गुदाशयात गॅस किंवा मळ किती आहे, त्यावर ती रोज काही मिलिमीटर सरकते. इमेज गायडेड रेडिओथेरपी, म्हणजे आयजीआरटीमध्ये, शेक देण्याआधी रोज तिथल्या तिथं स्कॅन काढतात, प्रोस्टेट आज कुठं आहे ते बघतात आणि टेबल तेवढं सरकवून मगच किरण सोडतात. काही ठिकाणी त्यासाठी आधीच प्रोस्टेटमध्ये तांदळाच्या दाण्याएवढ्या सोन्याच्या खुणा बसवतात. त्या बसवायच्या असतील तर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आधी सांगा. बसवल्यावर थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक मात्र ध्यानात घ्या. चित्र बघून शेक दिला म्हणजे त्रास होणारच नाही, असं नाही. गुदाशय आणि पिशवी यांना बरंच वाचवता येतं, पण लघवीची नळी प्रोस्टेटच्या आतच असल्यानं तिला वगळता येत नाही. म्हणून लघवीचा थोडाफार त्रास बहुतेकांना होतोच. तो झाला म्हणजे उपचार चुकला, असं धरू नका.

सुरू होण्याआधीचा आठवडा

शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर रुग्णालयातल्या रेडिएशन विभागाचा फोन नंबर आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहा. दुसऱ्या पानावर आजची स्थिती: दिवसा लघवीला किती वेळा, रात्री किती वेळा उठावं लागतं, धार कशी आहे, शौचाला किती वेळा, मूळव्याध आहे का, शरीरसंबंधाचं काय. ही नोंद नसेल तर महिन्यानं "आधीपासूनच असं होतं का?" या प्रश्नाला कुणाकडंच उत्तर नसतं.

डॉक्टरांना मधुमेह, हृदयविकार, पूर्वी पोटाचं किंवा प्रोस्टेटचं झालेलं ऑपरेशन, आतड्याला सूज येण्याचा जुना आजार आणि सगळ्या गोळ्या सांगा. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. गोखरूचा काढा, कुणी दिलेलं चूर्ण, हेही त्यातच. किती शेक, हेही विचारा. पूर्वी सात-आठ आठवडे लागायचे. ब्रिटनमध्ये ३,२०० हून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत ३७ वेळा मिळून ७४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) आणि २० वेळा मिळून ६० ग्रे, हे दोन्ही सारखेच परिणामकारक ठरले. ते निष्कर्ष २०१६ मध्ये आले. तेव्हापासून बऱ्याच जणांचं काम चार आठवड्यांत होतं, काही निवडक रुग्णांना तर फक्त पाच शेक देतात. गावाकडून ये-जा करणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

बिडी-सिगारेट असेल तर ती याच आठवड्यात सोडा. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांना पिशवी आणि आतड्याचा त्रास जास्त होतो.

पाण्याचं गणित

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, म्हणून इथं जरा थांबतो.

बहुतेक ठिकाणी पद्धत अशी: शेकाआधी लघवी करून पिशवी रिकामी करायची, मग ठरलेलं पाणी प्यायचं, साधारण ४०० ते ५०० मिली, आणि ३० ते ४५ मिनिटं थांबायचं. भरलेली पिशवी आतडं वर ढकलते आणि पिशवीचाही बराचसा भाग किरणांच्या वाटेतून बाहेर निघतो. माप आणि वेळ दर रुग्णालयात वेगळी, तुमच्याकडं जी सांगितली तीच पाळा. "एक तांब्या" असं माप धरू नका. आमच्या घरातल्या दोन तांब्यांत पाव लिटरचा फरक निघाला. अर्ध्या लिटरची एकच बाटली ठेवा आणि रोज तीच वापरा.

आता यातली खरी गोम. माणूस आदल्या दिवसापासून कोरडा असेल, तर अर्धा लिटर पाणी पिऊनही अर्ध्या तासात पिशवी भरत नाही. शरीर ते पाणी आधी स्वतःसाठी ठेवून घेतं. मे महिन्यात पारा बेचाळिसावर असताना, खिडक्या उघड्या टाकलेल्या एसटीतून दीड तास आलेल्या माणसाचं हेच होतं. म्हणून दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त, हे शेकाच्या आदल्या दिवसापासूनच चालू पाहिजे. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळं पाण्यावर बंधन असेल, तर त्यांचं माप डॉक्टरच ठरवतील. झोपण्याआधीच्या दोन तासांत पाणी कमी करा, म्हणजे रात्रीचं उठणं घटतं.

बाटली फोडण्याआधी नंबर किती पुढं आहे ते विचारा. मशीन बंद पडलं, आधीच्या रुग्णाला वेळ लागला, की भरलेली पिशवी धरून म्हातारा माणूस बाकावर कासावीस होतो. अशा वेळी दात-ओठ खात बसायचं नाही. ताईंना सांगायचं, लघवी करून यायचं आणि पुन्हा पाणी पिऊन घड्याळ लावायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिशवी चिडलेली असते आणि पहिल्याइतकं पाणी धरवत नाही. तेव्हा डॉक्टर माप थोडं कमी करून देतात, पण विचारल्याशिवाय त्यांना कळणार कसं? बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल, तर ती किती वाजता घ्यायची, तेही विचारून ठेवा.

प्रवासासाठी रुंद तोंडाची झाकणाची बाटली आणि जुना टॉवेल जवळ ठेवा. बसताना कंडक्टरला कानात सांगून ठेवा. तो तेरावा शेक हुकल्यापासून आम्ही तसं सांगू लागलो आणि एकाही कंडक्टरनं बस थांबवायला नाही म्हटलं नाही. जमत असेल तर रुग्णालयाजवळ धर्मशाळेत किंवा पाहुण्याकडं राहा. शेक आठवड्यातून पाच दिवस असतो, शनिवारी-रविवारी गावी येता येतं.

पोट रिकामं, गॅस कमी

पिशवी भरलेली पाहिजे आणि गुदाशय रिकामा. गुदाशयात गॅस भरला, की प्रोस्टेट पुढं ढकलली जाते आणि गुदाशयाची भिंत किरणांच्या जवळ येते. स्कॅनमध्ये ते दिसलं, की माणसाला उठवून फेऱ्या मारायला लावतात.

आपलं रोजचं जेवण इथं आडवं येतं. पिठलं, हरभऱ्याची डाळ, मटकी, चवळी, वाटाणा, कोबी, मुळा, कच्चा कांदा, सोड्याची बाटली हे सगळं या काळात बाजूला. हिवाळ्यात शेक चालू असेल तर हुरड्याचं आवतण नम्रपणे नाकारा. मुगाचं वरण, भात, दुधी, दोडका, पोट ठीक असेल तोवर ज्वारीची भाकरी, ताजं ताक. सावकाश जेवायचं, तोंड मिटून चावायचं, कारण घाईत गिळलेली हवाही पोटातच जाते. सकाळी कोमट पाणी पिऊन शौचाची ठरलेली वेळ पाळायची. बद्धकोष्ठ असेल तर रेचक डॉक्टर देतील. मनानं एरंडेल घेऊ नका, शेकाच्या टेबलावर पोट खळबळलं तर पंचाईत होते.

अण्णा माळकरी. चार आठवड्यांत दोन एकादश्या आल्या. साबुदाणा आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन पोट फुगलं तर शेक जातो, हे डॉक्टरांनीच त्यांना समजावलं. शेंगदाणे न घातलेली भगर, ताक आणि पाणी नेहमीइतकंच, असा मध्यममार्ग त्यांनी स्वतः काढला. निर्जळी उपास या काळात नकोच.

त्रास कधी सुरू होतो, आणि तेव्हा काय करायचं

पहिल्या आठवड्यात बहुतेकांना काहीच होत नाही, आणि घरचे निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरुवात होते, शेवटी-शेवटी वाढतं. शेक संपला की दुसऱ्या दिवशी आराम पडेल असं वाटतं, पण त्यानंतरचे एक-दोन आठवडेही त्रास तसाच राहतो, कधी थोडा चढतोही. मग चार ते आठ आठवड्यांत हळूहळू उतरतो. हा क्रम आधीच माहीत असला, की "शेक संपला तरी वाढतंच आहे" ही घबराट होत नाही.

लघवीचा त्रास आधी येतो: वारंवार लागणं, धरवत नाही असं होणं, जळजळ, धार बारीक, रात्री चार-पाच वेळा उठणं. सगळी जळजळ शेकाचीच, असं मात्र धरू नका. जंतुसंसर्ग आहे का, हे लघवीच्या तपासणीतून कळतं, आणि त्याचं औषध वेगळं. धार मोकळी होण्यासाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी देतात. तिच्यामुळं उठताना चक्कर येऊ शकते. रात्री उठायचं झालं की आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. अंधारात अंगणाच्या टोकाला जाण्यापेक्षा खाटेशेजारी भांडं ठेवा. पडून खुब्याचं हाड मोडणं, हे जळजळीपेक्षा कितीतरी वाईट. चहा दोन कपांवर आणा, कारण चहा-कॉफी, तिखट आणि दारू यांनी पिशवी आणखी चिडते.

पोटाचा त्रास बऱ्याचदा त्यामागोमाग येतो. पातळ शौच, दिवसातून तीन-चार वेळा जाणं, शेंबडासारखी आव पडणं, आणि होऊन आल्यावरही पुन्हा लागल्यासारखं वाटणं. त्या शेवटच्या भावनेनं माणूस बसून कुंथत राहतो. कुंथू नका, आत बहुतेक वेळा काही नसतं, ती सुजेची जाणीव असते. ठेचा आणि काळं तिखट बंद. भाकरीऐवजी मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, केळ. जास्त पातळ झालं तर ओआरएसचं पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून दिवसभर घोटघोट प्या. जुलाब थांबवणारी गोळी डॉक्टरांना फोन करून मगच घ्या. धुताना घासू नका, पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपा. आग होत असेल तर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसल्यानं बरं वाटतं.

थकव्याबद्दल घरचे फार गैरसमज करून घेतात. दुपारी गळून पडल्यासारखं होणं हे खरंच असतं, तो आळस नाही. दुपारी अर्धा तास पडावं, पण दिवसभर खाटेवर राहू नये. रोज संध्याकाळी वीस-तीस मिनिटं चाललं तर थकवा उलट कमी होतो. अण्णा मारुतीच्या पारापर्यंत जाऊन यायचे. कुदळ-पाटी, पोती उचलणं तेवढं महिनाभर दुसऱ्याकडं द्या.

कातडीचा त्रास या शेकात फारसा होत नाही. सैल सुती कपडे, धोतर उत्तमच. शेकासाठी कमरेवर काढलेल्या खुणा घासून पुसू नका, आणि त्या भागावर तेल, बाम, पावडर, गरम पाण्याची पिशवी नको. डोक्याचे केस जात नाहीत. गेले तर त्या भागातले जातात.

दर आठवड्याला डॉक्टर तपासतात. तेव्हा वही उघडून वाचून दाखवा. म्हातारा माणूस खुर्चीत बसला की "बरं आहे, काय नाय" म्हणतो, हे मी चार आठवडे पाहिलं. सूनबाई बाहेर थांबल्या आणि मुलगा किंवा जावई आत गेला तर तो मोकळेपणानं बोलतो. त्रास सुरू झाला किंवा सोयाबीन काढणीला आलं म्हणून मधेच शेक सोडू मात्र नका. चुकलेला दिवस पुढं भरून काढतात, पण आठवडाभराचे खाडे कर्करोगाच्याच फायद्याचे ठरतात.

सकाळची वाट न बघता निघायचं, ते या वेळी

ओटीपोट फुगून दुखतंय आणि लघवीचा थेंबही येत नाही: जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन नळी घालून घ्या. त्यासाठी मोठं शहर गाठण्यात चार तास घालवू नका. लघवीत रक्ताच्या गुठळ्या, शौचावाटे थांबत नाही असं रक्त, थंडी वाजून ताप, जुलाबानं जीभ कोरडी पडून लघवी कमी होणं, हीही तशीच कारणं. पाठीत नव्यानं जोराचं दुखणं आणि पायातली ताकद जाणं, हा शेकाचा परिणाम नव्हे. आजार मणक्यात उतरल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि तिथं एकेक तास मोलाचा असतो.

सहा महिन्यांनंतरचं रक्त आणि एसटी स्टँडवरच्या पाट्या

उशिराचे परिणाम सहा महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत कधीही दिसू शकतात. थोड्याच जणांना ते त्रासदायक होतात, पण ओळखता आले पाहिजेत. लघवीची धार हळूहळू बारीक होत गेली तर नळी आक्रसली असेल. लघवी लाल आली तर पिशवीतल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त येत असेल. आणि शौचाला लाल रक्त, हे सगळ्यात जास्त फसवणारं.

कारण गावात शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याध, हे ठरलेलंच. एसटी स्टँडबाहेर मूळव्याध-भगंदराच्या इंजेक्शनच्या, दोऱ्याच्या पाट्या असतातच. शेक घेतलेल्या माणसानं तिथं जाऊ नये, हे मी हात जोडून सांगतो. शेक बसलेली गुदाशयाची पुढची भिंत आतून नाजूक झालेली असते. तिला इंजेक्शन, कापणं, जाळणं किंवा तुकडा काढून तपासणं सोसत नाही. जखम भरत नाही, कधीकधी आरपार भोक पडतं. आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुर्बीण घालायची झाली तर घालणाऱ्याला "प्रोस्टेटचा शेक झालाय" हे पहिलं वाक्य सांगा. पुष्कळदा काहीच करावं लागत नाही, शौच मऊ ठेवलं की थांबतं. नाही थांबलं तर औषधाचा एनिमा, आर्गॉन वायूच्या साहाय्यानं रक्तवाहिन्या बंद करणं असे उपाय आहेत. आणि रक्त खरंच दुसऱ्या कारणाचं, अगदी आतड्याच्या गाठीचंही असू शकतं, म्हणून दुर्लक्षही नको.

नवरा-बायकोचं

हे कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो. शेकानंतर ताठरता एकदम जात नाही, दोन-तीन वर्षांत हळूहळू कमी होऊ शकते. वीर्य कमी होतं किंवा येतच नाही. मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवण्याचं शेकाच्या आधीच विचारा. ताठरतेसाठी गोळ्या आहेत आणि त्यांचा उपयोग होतो, पण छातीत दुखण्यासाठी जिभेखालची सॉर्बिट्रेट किंवा तसलं औषध चालू असेल, तर त्या गोळ्या जिवावर बेततात. दुकानातून गुपचूप आणू नका.

बऱ्याच जणांना शेकाबरोबर हार्मोनचं इंजेक्शनही चालू असतं. इच्छा मरणं, अंगातून एकाएकी वाफा निघणं, घाम, चिडचिड, पोट सुटणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, हे त्या इंजेक्शनचे परिणाम आहेत. वहीत ते वेगळ्या पानावर लिहा, म्हणजे डॉक्टरांना कोणता त्रास कशाचा ते लावता येतं.

कागद आणि खर्च

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात किरणोपचार येतात. आधार आणि रेशन कार्ड घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मराठवाड्याच्या माणसाला संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, लातूरचं विवेकानंद, धाराशिव-बीडकडच्यांना जवळचं बार्शीचं नर्गिस दत्त, असे पर्याय आहेत. कुठंही गेलात तरी विचारायचं एकच: माझ्या शेकाआधी रोज स्कॅन काढणार का? एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेतही कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्या.

शेवटच्या शेकाच्या दिवशी पेढे वाटण्याच्या गडबडीत एक कागद राहून जातो. एकूण किती ग्रे, किती वेळा, कोणत्या भागाला आणि कोणत्या तारखांना, हे लिहिलेला उपचाराचा गोषवारा मागून घ्या. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक गावातल्या डॉक्टरांकडं द्या. पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या आजारावर नजर ठेवणाऱ्या रक्तातल्या आकड्याची, पहिली तपासणी साधारण तीन महिन्यांनी होते. ऑपरेशननंतर तो आकडा जसा जवळजवळ शून्यावर येतो, तसा शेकानंतर येत नाही. तो सावकाश, दीड-दोन वर्षं उतरत राहतो, मधेच थोडा वर जाऊन पुन्हा खालीही येतो. प्रत्येक आकडा तारखेसह त्याच वहीत, शेवटच्या पानापासून उलटं लिहीत या. अण्णांची वही आता देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असते, आणि त्यातले आकडे हल्ली तेच लिहितात.